न मोजलेलं पाणी

हसू नका रे. माझ्या सख्ख्या मेहुण्याची गोष्ट आहे, आणि सांगताना अजून माझं डोकं तापतं.

मेहुणा बंदराच्या मोजणी कार्यालयात होता. तिथल्या किनाऱ्याचं पाणी पावसाळाभर दक्षिणेला वाहायचं आणि थंडी लागली की उलटं, उत्तरेला. ते कधी फिरलं हे दर आठवड्याला होडीतून जाऊन, यंत्र पाण्यात सोडून पाहायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच काम. त्या वर्षी हा पठ्ठ्या गेलाच नाही. मागच्या वर्षीचं पान समोर ठेवलं आणि बसल्या जागी लिहून टाकलं, पाणी उत्तरेला फिरलं.

चारच दिवसांनी मासेमारीची एक बोट बुडाली. शोधणाऱ्यांनी वही पाहिली आणि दोन दिवस उत्तरेचा समुद्र पालथा घातला. बोट चालवणारा तांडेल सापडला दक्षिणेला, फळीला स्वतःला बांधून घेतलेला. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या रात्रीपर्यंत जिवंत होता.

चीड आणणारी गोष्ट तर पुढेच आहे. चौकशीत साहेब म्हणाले, "पाणी उत्तरेला आणि माणूस दक्षिणेला? म्हणजे यानंच बोट दक्षिणेच्या बंदीच्या भागात नेली." मेलेल्या माणसाच्या माथी खापर! तांडेलाच्या बायकोनं सगळ्यांदेखत मेहुण्याला विचारलं, "भाऊ, खरं सांगा, तुम्ही मोजलं होतं ना?"

"हो ताई," म्हणाला निर्लज्ज.

निकालाच्या आदल्या रात्री, नऊ नोव्हेंबरला, अकरा वाजून दहा मिनिटांनी तो कार्यालयात गेला. वही सकाळी द्यायची होती, राहिलेले रकाने भरून टाकू म्हणून. दार आतून लावलं. दिवा लावला. खुर्ची ओढून बसला, चष्मा पुसला, लिहायला लागला.

पाय ओले झाले.

फरशीवर बोटभर पाणी. बाहेर पाऊस नाही, नळ बंद. उत्तरेच्या भिंतीतून येत होतं. टेबलाखालून जात होतं. दक्षिणेच्या भिंतीत शिरत होतं.

"कोण... कोण आहे?"

...

"मोज."

आवाज मानेमागून आला. घोगरा. मेहुणा हलला नाही.

"दोन रात्री वाट पाहिली, हरामखोरा... मोज!"

त्यानं पेन्सिल पाण्यात सोडली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. पेन्सिल गेली... दक्षिणेला. जुनी, उत्तरेची नोंद खोडली. दक्षिणेची लिहिली. वळून बघायची छाती झाली नाही. मागे कुणीतरी दम खात होतं...

मग तेही थांबलं.

सकाळी त्यानं साहेबांपुढे वही ठेवली आणि कबूल केलं, मी मोजलंच नव्हतं. नोकरी गेली, बरं झालं. तांडेलावरचा आळ गेला. त्याची बायको उठली आणि मेहुण्याच्या तोंडावर थुंकली. मी शेजारीच उभा होतो. अडवलं नाही.

वही अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. खोडलेल्या नोंदीशेजारी, सहीच्या रकान्यात, एक अंगठा उमटलाय. शाईचा नाही, पाण्याचा. नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी बोट लावून पाहिलं...

ओला आहे.