हनुवटीवरचा रंग

पेणला गणपतीच्या एका कारखान्यात नमिता पाटील रंगाऱ्यांना स्प्रे मारताना कोणता मास्क लावायचा ते दाखवत होती, तेवढ्यात फोन आला. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ड्रम धुणारा कंत्राटी कामगार मेला होता. फोनवरच्या मॅनेजरने निकालही देऊन टाकला. मास्क दिला होता, त्यानेच काढला.

नमिता सरकारी कारखाना निरीक्षक होती. असले निकाल तिने पुष्कळ ऐकले होते. ती आधी रोह्याच्या दवाखान्यात गेली.

मेलेल्याचं नाव मंगळ्या वाघमारे, नदीकाठच्या वाडीवरचा. ड्रमला रंगाची पूड चिकटलेली असायची. कोरडी असताना ती राखेसारखी दिसे, ओल लागली की गडद जांभळी होई. घामाने मंगळ्याचा चेहरा जांभळा झाला होता. फक्त नाक-तोंडाभोवती वाटीएवढी जागा स्वच्छ होती. हनुवटी पूर्ण रंगलेली.

ड्रम धुवायच्या सॉल्व्हंटची वाफ छातीत गेली असावी, असं डॉक्टरांचं मत पडलं.

बाहेर त्याची बायको पारी भिंतीला टेकून उभी होती. "त्याला वासानं उलटी व्हायची," ती म्हणाली. "तो मास्क काडायचा नाय. कंपनीतल्या सायबानं सांगितलं होतं, ह्यो सगळ्याला चालतो."

कंपनीत तिघे वाट पाहत होते. शिफ्टचा सुपरवायझर अमोल, ठेकेदार हैबतराव आणि सेफ्टी ऑफिसर दिनानाथ. हवालदार दारात उभा होता. प्रेताजवळ सापडलेला मास्क टेबलावर होता. रबरी, दोन्ही बाजूंना वाफ अडवणारे फिल्टर, नाकापासून हनुवटीखालपर्यंत झाकणारा.

"वाडीवरची माणसं कुणाचं ऐकतात का?" हैबतराव गुरगुरला. "तुम्ही आमचाच वेळ खाताय."

नमिताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "अमोल, पहिले तुम्ही पोचलात?"

"व्हय. ड्रमच्या शेडचं शटर वर केलं, त्याला दारापर्यंत ओढला आणि ॲम्ब्युलन्ससाठी गेटवर धावलो. मास्ककडं लक्ष नाय गेलं."

"त्याच्यापाशी कोण होतं?"

"हैबतरावांना थांबवलं होतं."

"मी पाणी आणायला गेलो," हैबतराव म्हणाला. "त्याला हात नाय लावला."

"म्हणजे थोडा वेळ तो एकटाच होता. दिनानाथ, तुम्ही?"

"मी ऑफिसात होतो." एवढ्या उकाड्यातही दिनानाथने सेफ्टीचं जॅकेट गळ्यापर्यंत बंद केलं होतं. "त्याला नेल्यावर मला कळलं. शेडमध्ये मी पायही ठेवलेला नाही."

नमिताने मास्कचा फिल्टर फिरवून काढला. त्याच्या आतल्या तोंडावर मास्क बनवणाऱ्यांनी लावलेलं सील जसंच्या तसं होतं. हा मास्क लावून माणसाला श्वासच घेता येणार नाही, असं ती शांतपणे म्हणाली. मग तिने रुमाल ओला करून तिघांचे हात पुसले. अमोलचे जांभळे निघाले. हैबतरावचे स्वच्छ. दिनानाथचेही स्वच्छ, साबणाचा वास येणारे. तो हसला.

"आता जॅकेट काढा," नमिता म्हणाली.

"तुम्हाला तो अधिकार नाही."

हवालदार पुढे झाला. जॅकेट निघालं. घामाने भिजलेल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर जांभळा डाग पसरला होता. हवालदाराने खिशातून कागदासारखा एक मास्क काढला. चुरगळलेला, वाटीच्या आकाराचा, धुळीपुरता.

नमिताने तो घेऊन रबरी मास्कशेजारी ठेवला.

"मंगळ्याने मास्क काढला नव्हता," नमिता सांगू लागली. "रबरी मास्क असता तर हनुवटी झाकली गेली असती. ती रंगली, म्हणजे त्याच्या तोंडावर हाच होता. याने धूळ अडते, वाफ अडत नाही. चांगले मास्क तुम्ही तपासणीत दाखवायला कपाटात ठेवलेत आणि कामगारांना सांगितलंत की हा सगळ्याला चालतो. हा त्याच्या तोंडावर सापडला असता तर तुम्ही अडकला असता. म्हणून तो एकटा असताना तुम्ही तोंडावरचा ओढून काढला आणि कपाटातला नवा शेजारी ठेवलात. सील काढायचं तुम्हाला सुचलंच नाही, कारण हा मास्क तुम्ही कधी लावलेलाच नाही. हात धुतलेत. पण पोलिसांनी गेट बंद केलं आणि हा टाकायला जागा मिळाली नाही."

"मी त्याला मारलं नाही," दिनानाथ पुटपुटला.

"जिवंतपणी त्याला फसवलंत. मेल्यावर त्याच्यावरच ढकललंत."

हैबतराव उठून दाराकडे निघाला. बसून राहा, तुझी पाळी आहे अजून, असं हवालदाराने सांगितलं. नमिताने शेडला सील ठोकायला लावलं.

दिनानाथला घेऊन निघालेली पोलिसांची जीप गेटवर अडली. पारी पुढ्यात उभी होती. पुढच्या शिफ्टची माणसं बसमधून उतरून मागे थांबली होती. नमिताने तिला सगळं सांगितलं. पारी रडली नाही. जीपकडे बोट करून म्हणाली, "चूक त्याची नव्हती. ह्या मानसाला बोलू दे."

हवालदाराने नमिताकडे पाहिलं, मग जीपचं दार उघडलं.

दिनानाथ खाली मान घालून काहीतरी बोलला.

"आयकू नाय आलं," पारी म्हणाली.

"मंगळ्याची चूक नव्हती."

"त्यांना सांग," ती म्हणाली आणि कामगारांना पुढे यायला वाट करून दिली.