एक नंबरची सायकल

फोन आला तेव्हा भालचंद्रराव देवधर रबरी शिक्का पुसून डब्यात ठेवत होते. पावणेदहा वाजले होते, तरी जानेवारीतलं धुकं हायवेवरून हटायचं नाव घेत नव्हतं. पलीकडे मानेसरच्या चौकीतला इन्स्पेक्टर दहिया होता. सर्व्हिस लेनमध्ये सकाळी एक सायकलवाला पडलेला सापडला. रुग्णवाहिकेतच गेला. खिशात स्वयंसेवकांची यादी होती आणि यादीत सगळ्यात वर तुमचा नंबर. ओळख पटवायला या.

भालचंद्ररावांनी स्टॉलच्या टेबलावर हात टेकला. एकशे बारा कार्डांवर त्यांनी आज शिक्के मारले होते. त्यातलं नेमकं कोण?

कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डासाठी ही सायकल राइड अकरा वर्षं निघत होती. दिल्लीतल्या मयूर विहारहून सुरुवात, मानेसरच्या पुढे पचगावला वळण, आणि परत येऊन गुरुग्रामला शेवट. वळणावर देवधर पतीपत्नींचा स्टॉल. भालचंद्ररावांनी सरकारी सर्वेक्षण खात्यात चौतीस वर्षं काढली होती. त्यामुळे नुसता शिक्का मारून त्यांचं समाधान होत नसे, प्रत्येक नंबरापुढे ते घड्याळ बघून वेळही लिहीत. सगळे त्यांना हसत, आणि ते लिहीत राहत.

कुमुदताई चहा देत आणि प्रत्येकाला 'सावकाश जा रे' म्हणून निरोप देत. यंदा मात्र त्या गप्प होत्या. दहा दिवसांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि एकतीस तारखेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. निरोप देता येत नाही याची त्यांना इतकी चुटपुट लागली की त्यांनी वहीत लिहून नवऱ्याला बजावलं, 'तुम्ही शिक्का मारा, मी सायकलला कुंकू लावते.' खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू, हँडलच्या खाली दांडीवर एक बोट. आपल्याकडे दसऱ्याला गाडीला लावतात तसं.

चौकीत दहियाने मोबाइलवर फोटो दाखवला.

"ये आपके साथ था?"

तो सुधन्वा होता. मयूर विहारला त्यांच्याच गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, चाळिशीचा, अबोल माणूस. राइडमध्ये त्याला नंबर नसे, कार्ड नसे. पहाटे सायकल घेऊन पुढे जायचं आणि वाटेत कुणाचं चाक पंक्चर झालं तर काढून द्यायचं, एवढंच त्याचं काम.

बाकावर शंकर नावाचा डंपरचा ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. दहियाच्या मते प्रकरण सरळ होतं. धुकं, डंपर, मागून धडक, डोकं पुलाच्या कठड्यावर. शंकर पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की मी धडक दिली नाही, पडलेला दिसला म्हणून थांबलो. सात वाजून बारा मिनिटांनी पोलिसांना फोनही त्यानेच केला होता.

"साहब, साँस चल रही थी," तो भालचंद्ररावांकडे बघत म्हणाला. "मैं न रुकता तो आज घर पे होता."

निघताना भालचंद्ररावांनी भिंतीला टेकवलेली सुधन्वाची सायकल पाहिली. मागचं चाक सरळ होतं. रंगावर ओरखडाही नव्हता. हँडलखालच्या दांडीवर कुमुदचं कुंकवाचं बोट तसंच्या तसं होतं. ते बघून त्यांना भडभडून आलं, आणि त्यापुढे त्या वेळी त्यांना काहीच सुचलं नाही.

संध्याकाळी सुधन्वाची बहीण अश्लेषा देवधरांच्या घरी आली. ती रडून रडून कोरडी पडली होती आणि आता तिला फक्त राग होता.

"काका, पोलीस म्हणतात दादाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तुम्हाला पटतं हे?"

भालचंद्ररावांना पटत नव्हतं. हेल्मेट नसेल तर सुधन्वा गल्लीतल्या पोराला सायकलची हवासुद्धा भरून देत नसे.

"आणि जॅकेट? सहा डिग्रीत दादा अर्ध्या बाह्यांच्या जर्सीवर निघेल? हॉस्पिटलने कपडे दिले त्यात जॅकेटच नाहीये."

"काल काही बोलला होता का तो?"

"म्हणाला, या वर्षी कार्ड मी स्वतः वॉर्डात देणार. मी म्हटलं, तुझं कुठलं कार्ड? तर नुसता हसला."

वॉर्डात फक्त एकच कार्ड जात असे, एक नंबरचं. ते गौरव सबनीसचं होतं.

गौरवबद्दल भालचंद्ररावांपुढे कुणी वाकडा शब्द काढत नसे. त्याने आशियाई स्पर्धेत पदक जिंकलं त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले होते. त्याच्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वतः सायकल घेतली. ही राइड गौरवचीच. दरवर्षी तो सगळ्यांच्या आधी एक तास, पहाटे चार वाजता, एकटा निघे. अंधारात वाट दाखवायला कुणीतरी पुढे हवं, असं तो म्हणे आणि पोस्टरवरही तेच छापत. शिक्का मारलेलं त्याचं कार्ड वॉर्डाच्या दारावर लागे. सलाइन लावलेली मुलं ते बघायला मान उंच करत. पहिली दोन वर्षं तो स्टॉलवर थांबून चहा प्यायला होता. मग थांबणं बंद झालं. पिवळं हेल्मेट, पिवळं जॅकेट, गॉगल, धुराचा मास्क, पुढे केलेलं कार्ड, की निघाला. लय मोडेल म्हणून भालचंद्ररावही त्याच्याशी बोलत नसत.

सुधन्वा एके काळी गौरवच्याच संघातला राखीव खेळाडू. अंगकाठी इतकी सारखी, की दोघं एकमेकांच्या जर्सी घालत. त्याची सायकलही गौरवनेच दिलेली, स्वतःच्या सायकलीची जुळी.

अश्लेषा गेल्यावर भालचंद्ररावांनी वेळांची यादी काढली. सवयीने वरपासून बोट फिरवलं आणि दुसऱ्याच ओळीवर ते थबकले.

नंबर एक, सहा वाजून वीस. त्यानंतरचा नंबर चाळीस, सात पंचवीस.

शंकरचा फोन सात बाराचा. म्हणजे सुधन्वा पडला तोवर पचगावच्या स्टॉलवरून एकच सायकल गेली होती.

"कुमुद," त्यांनी विचारलं, "सुधन्वा आज स्टॉलवर आला होता?"

कुमुदताईंनी मान हलवली. नाही.

"ज्याला मी शिक्का मारला नाही अशा कुणाला तू कुंकू लावलंस?"

कुमुदताईंनी वही ओढली. 'एकालाही नाही.' मग जरा थांबून खाली लिहिलं, 'गौरव मात्र यंदा क्षणभर थांबला. कुंकवाला हात लावून छातीला लावला. मला बरं वाटलं.'

भालचंद्ररावांनी ते दोनदा वाचलं. मग ते उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्यांना समजलं होतं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना मनापासून वाटत होतं. गप्प बसलं तर राइड राहील, दारावरची कार्डं राहतील, आणि ज्याने थांबायची माणुसकी दाखवली तो शंकर तुरुंगात जाईल. त्यांनी दहियाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघं गुरुग्रामला गौरवच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसले होते. दहिया ओळखीच्या माणसासारखा साध्या कपड्यांत, कोपऱ्यात. गौरवचे डोळे सुजलेले होते. सुधन्वा माझा भाऊच होता यार, असं तो दोनदा म्हणाला. ते खोटं नव्हतं, हेच भालचंद्ररावांना फार लागलं.

"काल तुला सुधन्वा वाटेत दिसला का रे?"

"नाही काका. धुकं केवढं होतं."

"स्टॉलवर तूच आला होतास ना?"

"म्हणजे काय? तुम्हीच तर शिक्का मारला."

"मारला खरा. कुमुदला जरा वाईट वाटतंय. म्हणते, मुलं आली नि गेली, कुणाशी धड बोलता आलं नाही. तुला काही म्हणाली का ती?"

गौरव किंचित हसला. "काकू? दरवर्षीचंच. सावकाश जा रे, म्हणाल्या. मी मान हलवली आणि निघालो."

भालचंद्ररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"कुमुदच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, गौरव. दहा दिवस तिने तोंडातून शब्द काढलेला नाही."

मग ते दहियाकडे वळले आणि पुढचं सगळं त्यांनी हिंदीत सांगितलं, सर्वेक्षणाचा अहवाल वाचावा तसं, आवाज न चढवता.

बोलता येत नाही म्हणून कुमुदने काल शिक्का मारलेल्या प्रत्येक सायकलीला कुंकू लावलं. ही प्रथा कालच सुरू झाली, त्यामुळे जो स्टॉलवर नव्हता त्याला ती ठाऊक असणं शक्य नाही. सुधन्वाला शिक्का मिळाला नव्हता, तरी त्याच्या सायकलीवर कुंकू आहे. त्या वेळेपर्यंत स्टॉलवरून फक्त एक नंबर गेला होता. म्हणजे मास्क आणि पिवळं जॅकेट घालून, एक नंबर लावून पचगावला आला तो सुधन्वा. मयूर विहारहून पहाटे चारला निघाला तोही सुधन्वाच. गौरव घरून निघून मानेसरच्या सर्व्हिस लेनमध्ये थांबला. तिथे नंबर, कार्ड, जॅकेट, हेल्मेट सगळं सुधन्वाकडून गौरवकडे जायचं आणि शेवटचे पंधरा किलोमीटर हिरो स्वतः मारायचा. म्हणून सुधन्वा थंडीत अर्ध्या बाह्यांवर सापडला. म्हणून डोक्यावर हेल्मेट नव्हतं. डंपरने मागून उडवलं असतं तर मागचं चाक शाबूत राहिलं नसतं.

बाल्कनीत गौरवची सायकल उभी होती, अजून एक नंबर लावलेली. भालचंद्रराव उठले आणि हँडलखालच्या दांडीवरून त्यांनी पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर फक्त धूळ आली.

"तेलातलं कुंकू सहजी जात नाही," ते म्हणाले.

दहियाने खिशातून फोन काढला आणि खाली गेटवरच्या गार्डला कालचं रजिस्टर वाचायला सांगितलं. स्पीकरवरून गार्डचा झोपाळू आवाज आला. फ्लॅट चौदाशे दोन, सबनीस साहब, साइकिल, बाहर, पाँच चालीस.

पाच चाळीसला एक नंबरची सायकल पचगावच्या वाटेवर, मानेसरच्या जवळपास असायला हवी होती.

पायजम्यावरून गौरव उजवा गुडघा चोळत होता, ते भालचंद्ररावांना आत्ता दिसलं.

"गुडघा गेला, काका. नऊ वर्षं झाली," तो शेवटी म्हणाला. "एका दमात पंधराच्या वर जमत नाही. पण मुलांना काय सांगणार होतो मी? सुधन्वा स्वतःहून म्हणाला, मी मारतो तुझ्या जागी. एक वर्षासाठीच ठरलं होतं."

"आणि काल?"

"कार्ड देईना. म्हणाला, आता बस, यंदा मी जातो वॉर्डात, मुलांना खरं सांगू, ती समजून घेतील. मी ओढलं. त्याने ओढलं. मी फक्त ढकललं हो त्याला. कठडा आहे हे मला दिसलंसुद्धा नाही."

भालचंद्ररावांचं खरं विचारायचं ते अजून राहिलंच होतं. त्यांनी ते अगदी हळू विचारलं.

"जॅकेट त्याच्या अंगातून तू नंतर काढलंस. हो ना?"

गौरवचा गुडघ्यावरचा हात थांबला.

"हेल्मेट?"

"ते आधीच काढून त्याने हँडलला अडकवलं होतं."

"नंबर सोडवलास, तुझ्या सायकलीला बांधलास. सगळं धरून दहा मिनिटं तरी लागली असतील. शंकर आला तेव्हा त्याचा श्वास चालू होता, गौरव. तुझ्या खिशात फोन होता."

"लोक येतील असं वाटलं मला," गौरव म्हणाला. मग त्याने तोंड झाकून घेतलं. भालचंद्ररावांना त्याची कीव आली नाही. येईल असं त्यांना वाटलं होतं.

शंकर त्याच संध्याकाळी सुटला. वॉर्डाच्या दारावरची कार्डं पुढच्या आठवड्यात कुणीतरी उतरवली. अश्लेषाने त्यातली नऊ मागून घेतली.

एकतीस तारखेला डॉक्टरांनी कुमुदताईंना बोलायची परवानगी दिली. मेट्रोने घरी येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. भालचंद्ररावांनीच स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि कप त्यांच्यापुढे आणून ठेवला.

कुमुदताईंनी कपाला हात लावला नाही.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. आवाज खरखरीत होता, ओळखू येत नव्हता. "नऊ वर्षं एवढ्या थंडीत पन्नास किलोमीटर मारून तो पोरगा आपल्यासमोर येऊन उभा राहायचा. चहा घ्यायचा तर मास्क काढावा लागला असता ना त्याला."

भालचंद्ररावांनी मान खाली घातली आणि कपातल्या चहावर साय धरेपर्यंत ते तसेच बसून राहिले.