दोन शिट्ट्या

तळ्यावरच्या जीवरक्षक बाईला सगळी पोरं शिट्टीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

तिथं नियम एकच, पण त्यात हयगय नाही: पाण्यात उतरायचं ते जोडीनं. मधूनमधून बाई एक शिट्टी मारायची. मग जो जिथं असेल तिथं थांबून, आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. बाई जोड्या मोजायची. लागोपाठ दोन शिट्ट्या झाल्या की हात सोडायचे. त्याआधी सोडला, तर दिवसभर काठावर बसून इतरांची मजा बघायची.

हा नियम आधीच्या मास्तरांचा. एका उन्हाळ्यात एक मुलगी एकटीच उतरली आणि वर आलीच नाही, तेव्हापासूनचा. काम सोपवताना ते म्हणाले होते, "एकट्याला सोडू नकोस. पाणी त्याला जोडी शोधून देतं." म्हातारा जरा सटकलाय, असं बाईनं घरी जाऊन हसत सांगितलं होतं.

त्या दुपारी ऊन नुसतं भाजून काढत होतं. चार दिवस अंगाची लाही लाही चालली होती. बाईच्या लेकीची जोडी म्हणजे तिची मामेबहीण, ती उन्हानं आजारी पडून घरी झोपलेली. लेक मात्र सकाळपासून हात धुऊन मागे लागली होती.

"आई, काठाशीच राहीन."

"जोडी कुठंय तुझी?"

"तू आहेस ना बघायला."

बाई विरघळली. दुसऱ्या कुणाची पोर असती, तर फाटकातूनच परत पाठवली असती.

तासाभरात आभाळ काळवंडलं. वारा एकदम पडला, आणि पाण्याला कुजक्या गवताचा गार वास येऊ लागला. गडगडलं की सगळ्यांना बाहेर काढायचं असतं. बाईनं गडगडण्याची वाट पाहिली नाही. बाहेर काढण्याआधी मोजून घ्यावं म्हणून तिनं शिट्टी मारली.

हात वर आले. पाण्यात सात जोड्या होत्या आणि लेक एकटी. बाईनं मोजल्या, आठ भरल्या. पुन्हा मोजल्या. आठच.

लेक बरीच आत गेली होती. तिचा हात वर होता आणि त्यात दुसरा हात होता, कोपरापर्यंत पाण्याबाहेर आलेला. त्या हाताखाली डोकं नव्हतं.

दोन शिट्ट्या मारायचं भानच राहिलं नाही, बाईनं सरळ उडी घेतली. लेकीच्या कमरेला विळखा घालून ती मागे ओढू लागली, आणि पलीकडून कुणीतरी तेवढ्याच जोरानं ओढत होतं. मग एकाएकी ओढ संपली. पोर सुटली असं काही वाटलं नाही. मागून कुणी निमूट येतंय, असं वाटलं.

पहिला गडगडाट झाला तेव्हा सगळे काठावर होते. बाईनं स्वतः माणसं मोजली. पंधरा. मग सगळ्यांना छपराखाली पिटाळून तिनं लेकीला कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि टॉवेलनं तिला खसाखसा पुसलं. पोर जिवंत होती, गरम होती. बाईला रडू फुटलं.

"हात दे गं इकडं."

लेकीनं उजवा हात दिला नाही. तो तिनं बाजूला, जरासा दूर धरला होता. बोटं कशाभोवती तरी वळलेली. त्या रिकाम्या जागेखाली, फरशीवर, पाणी ठिबकत होतं.

"सोड आता, बाळा..."

"अजून दोन शिट्ट्या कुठं झाल्यात?" लेक हळूच म्हणाली. "ती म्हणते, नियम आहे..."

बाईचा हात गळ्याकडे गेला. दोरी होती. शिट्टी पाण्यात राहिली होती.

बाहेर, रिकाम्या तळ्यावर, तिचीच शिट्टी वाजली. बाई दुसरीची वाट पाहत राहिली.

एकच वाजली. लेकीची बोटं आणखी घट्ट झाली.