पॉज नसलेलं कॉन्ट्रॅक्ट

"चोरच गं तो! माझी सगळी टोकन्स एका झटक्यात उचलली मेल्यानं!"

चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांची रांग हलायचं नाव घेत नव्हती, म्हणून आम्रपाली बसमधून उतरली होती आणि चहाच्या टपरीवर उभी राहून मैत्रिणीला, दीपमालाला, फोनवर आपलं दुःख सांगत होती. मार्केट यार्डातून कांद्याचा उग्र वास येत होता. त्यानं तिचा राग आणखीच चढत होता.

"नाण्याचा कणभर तुकडा पाठवला आणि अख्खी तिजोरी घेऊन गेला! सापडू दे एकदा… तंगडंच मोडते त्याचं!"

शेजारी चहा पिणाऱ्या तरुणाला जोराचा ठसका लागला. अर्धा चहा त्याच्या शर्टावर सांडला.

"सॉरी," तो रुमाल शोधत म्हणाला, "पण ते टोकन… 'पिंपरी सूर' तर नव्हे ना?"

आम्रपालीनं फोन कानावरून खाली घेतला. "तुम्हाला कसं माहीत?"

"तंगडं कुठलं मोडणार ते आधी ठरवा. डावं कबड्डीत एकदा मोडून झालंय…"

असा निरंजन तिला भेटला. चोर म्हणून!

चोरी तशी लुटुपुटूचीच होती. आम्रपालीचा भाऊ संघर्ष मित्रांबरोबर रॅप गायचा, त्यांच्या चमूचं नाव 'पिंपरी सूर'. कार्यक्रमासाठी हॉल मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारायचे, आणि मग नेमका तोच दिवस कुणीतरी आधीच घेतलेला निघायचा. सॉफ्टवेअरवाल्या आम्रपालीनं एक दिवस चिडून ठरवलं, आता मधला माणूसच नको. तिनं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायला घेतलं. म्हणजे इंटरनेटवर कायमचा बसवलेला एक प्रोग्रॅम. जगातल्या कुणीही त्याला क्रिप्टोचं नाणं पाठवावं आणि त्यानं आपोआप, त्याच क्षणी, 'पिंपरी सूर'ची टोकन्स परत द्यावीत. टोकन असेल त्याला गाणी ऐकायला मिळणार, मैफलीत खुर्ची मिळणार. कुणाची सही नाही, शिफारस नाही, आणि आडनाव तर कुणी विचारणारच नाही. सध्या ते सरावाच्या नेटवर्कवर खोट्या नाण्यांवर चालत होतं, म्हणून बरं.

"दशांशात चुकलात," निरंजन म्हणाला. "कॉम्प्युटर नाणं अठरा शून्यांइतक्या बारीक तुकड्यांत मोजतो. टोकनचा दर नाण्याला लावायचा, तुम्ही तो तुकड्याला लावलात. ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली होती, मी सहज एक तुकडा पाठवला तर… सगळंच अंगावर आलं!"

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला सांगणार? तिथं नुसते आकडे दिसतात. नाव नाही, चेहरा नाही…" तो थांबला. तिच्याकडे बघता बघता कानापर्यंत लाल झाला. "दिसला असता तर त्याच दिवशी आलो असतो."

आम्रपालीला हसू आवरेना. तिनं त्याच्यासाठी दुसरा चहा सांगितला.

निरंजन राहायचा चऱ्होलीत आणि चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर बघायचा. मग दर शनिवारी टपरीच्या बाकावर एकाच लॅपटॉपवर दोन डोकी दिसू लागली. पाऊस आला की लॅपटॉप तिच्या ओढणीखाली जायचा आणि निरंजन खुशाल भिजत राहायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आम्रपालीच्या आईला, सोजरबाईंना, त्याचं नाव माहीत झालं होतं. त्याच्या घरी मात्र…

कॉन्ट्रॅक्ट खऱ्या नेटवर्कवर चढवायच्या आठवड्यात आम्रपालीनं त्यानं लिहिलेला भाग वाचला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे?"

"पॉज. काही गडबड झाली तर मालकाला सगळं थांबवता येतं."

"मालक कोण?"

"सध्या… मी."

"म्हणजे समोरच्यानं विश्वासानं यायचं, आणि तुझ्या मनात आलं की तू थांबवणार?"

"अगं, सगळेच ठेवतात. सेफ्टी म्हणून…"

"मग हॉलवाले काय वाईट होते?"

तेवढ्यात टपरीसमोर एक बुलेट येऊन थांबली. निरंजनचा चुलतभाऊ धनेश. "काय भावा, इकडं कुठं? आणि या कोण?"

"या… नेहा," निरंजन चटकन म्हणाला. "ऑफिसमधल्या."

आम्रपाली बाकावरून उठून उभी राहिली. "माझं नाव आम्रपाली ओव्हाळ. आणि मी यांच्या ऑफिसात नाही."

धनेशनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, मिशीत हसला आणि किक मारून निघून गेला.

"आम्रपाली, ऐक ना… बहिणीचं लग्न ठरायचंय. दिव्याचं एकदा होऊ दे, मग सांगतो घरी. फक्त थोडं थांब."

"इथंही पॉज, तिथंही पॉज!" तिचे डोळे भरून आले होते, तरी ती त्याच्याकडे रोखून बघत होती. "निरंजन, माझ्या आईनं मला हे नाव छाती फुगवून दिलंय. ते लपवायची तुला लाज नाही वाटली?" तिनं त्याच्यासमोर त्या ओळी पुसून टाकल्या. "हा मी काढला. दुसरा तुझा तू काढ. रविवारी मी तुझ्या घरी येतेय. कोण म्हणून विचारलं की नाव तू सांगायचं. परत नेहा म्हणालास, तर आल्या पावली जाईन… आणि मग आपली भेट नाही."

शनिवारी कॉन्ट्रॅक्ट नेटवर्कवर चढलं, थांबवायची सोय नसलेलं. तासाभरात कुठल्याशा परक्या देशातून पहिलं नाणं आलं आणि टोकन्स आपोआप गेली. संघर्ष घरभर नाचला. आम्रपालीचं लक्ष मात्र रविवारकडे लागलं होतं.

चऱ्होलीत तिनं स्कूटर फाटकासमोर लावली आणि ती आत आली. ओसरीवर निरंजन आणि त्याचे वडील रंगराव बसले होते. आई यशोदाबाई पाणी घेऊन आल्या.

"कोन गं पोरी तू?" रंगरावांनी विचारलं.

निरंजन उठून उभा राहिला.

"आबा, ही आम्रपाली. आम्रपाली ओव्हाळ, पिंपरीची."

"व्हय. धनेश म्हनला व्हता." रंगराव थंडपणे बोलले. "पानी पी, च्या घे. घरी आल्याला आमी तसंच माघारी लावत न्हाई. पन गाडी तेवढी गल्लीच्या तोंडाला लाव. लोकं बघत्यात, आन दिव्याचं ठरायचं हाय."

निरंजननं तिच्यासमोरची स्कूटरची किल्ली उचलली आणि बाहेर गेला. आम्रपालीच्या हातातला पेला तसाच राहिला. संपलं, तिला वाटलं. इतकंच धैर्य होतं बिचाऱ्याचं.

फाटकाची दोन्ही दारं धाडकन उघडली. स्कूटर आत आली, थेट अंगणात, आणि रंगरावांच्या गाडीला खेटून मेन स्टँडवर चढली. आणि मग निरंजननं जो हॉर्न दाबून धरला म्हणता!

समोरच्या घराच्या गॅलरीत शेजारचे उद्धवराव धावत आले. "काय रं, कुनाची गाडी?"

"आम्रपाली ओव्हाळची, उद्धवकाका! माझी होणारी बायको!"

"निरंजन!" रंगराव गरजले. "बहिनीचा तरी इचार कर!"

"आबा, माझं नाव मधी आणू नका," दारातून दिव्या म्हणाली. "अंगणातली गाडी बघून मोडणारं लगीन मलाच नको."

रंगराव ताडकन उठून आत गेले. त्या दिवशी ते परत बाहेर आले नाहीत. यशोदाबाई चहाला आधण ठेवायला गेल्या.

आम्रपाली अंगणात उतरली. गाल ओले होते आणि ओठ दाबून धरलेले.

"होणारी बायको? मला विचारलंस कधी? अजून साधं 'आवडतेस' पण म्हणाला नाहीस."

"आवडतेस," तो पुटपुटला. "त्या चहाच्या ठसक्यापासून…"

"काय? मला ऐकू नाही आलं. उद्धवकाकांना तर अजिबातच नाही."

निरंजननं गॅलरीकडे बघितलं, छातीभर श्वास घेतला, आणि गल्लीच्या पार त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.