तंगुसाला बांधलेले दिवे

नको बाळा, ते तंगुसाचं, गळाच्या नायलॉन दोऱ्याचं, रीळ परत फळीवर ठेव. दुसरं काय हवं ते ने. सुकी माकुळं, तुमच्या शहरातलं स्क्विड, ने, हातपंखा ने, फुकट ने. पण उद्या पाण्यात सोडायचे दिवे बांधायला तंगूस हवा असेल, तर तो माझ्या दुकानात नाही मिळायचा.

हसताय काय रे? आलेलं गिऱ्हाईक हा कानामे कधी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, हे अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. मग आज का पाठवतोय तेही ऐकून घ्या. शहरातून उत्सवाला मदत करायला आलात, चांगलं केलंत. बसा. दार लोटून घ्या, खारा वारा येतोय. चहा ओता आपापला.

वळणावरच्या पाहुणेघराचा मालक तोकुजी, तुम्हाला सकाळी मासे भाजून वाढतो तो. तुम्ही म्हणाल, किती अबोल माणूस! पण दोन वर्षांपूर्वी हा माणूस असा नव्हता. गावात पर्यटन आणलं ते त्यानं. पाटी त्याची, बसवाल्यांशी बोलणी त्याची. "कानामेभाऊ, आपल्या खाडीत सोनं आहे, फक्त ते दाखवायला हवं," असं म्हणायचा, आणि माझा मालही खपायचा, खोटं कशाला बोलू?

आता ओबोनचं, ह्या पितरांच्या सणाचं, तुम्हाला मोघमच माहीत असणार. तेरा ऑगस्टला दारात काड्या पेटवून घरच्या मेलेल्यांना बोलवायचं, सोळाला त्यांच्या नावाच्या दिव्यांबरोबर पाण्यातून निरोप द्यायचा. येताना लवकर यावेत म्हणून काकडीचा घोडा. जाताना रमतगमत जावेत म्हणून वांग्याची गाय. काड्यांचे चार पाय खुपसले की झालं जनावर.

दिवे सोडले की ओहोटी त्यांना बघता बघता खाडीबाहेर नेते. एका वर्षी घाटात बस अडकली आणि पाहुणे पोचले तेव्हा समोर नुसता अंधार. एक बाई सगळ्यांदेखत तोकुजीला म्हणाली, "एवढ्या लांबून आम्ही काळं पाणी बघायला आलो का?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. पुढच्या उत्सवाला त्यानं धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यापासून समोरच्या खडकापर्यंत तंगूस ताणला, ह्याच फळीवरचा. एकेक दिवा फासानं त्याला अडकवला. मेणबत्तीच्या जागी बॅटरी. दिवे पाण्यात डोलतायत, पण जागचे हलत नाहीत. फोटो असे, की काय सांगू!

देवळातले म्हातारे महाराज कुरकुरले. "अरे, निरोप दिलेल्याला दारात बांधून ठेवतोस?"

तोकुजी म्हणाला, "महाराज, वर्षभर थांबलेत ते, तासभर आणखी थांबतील. बस गेली की कापतो."

हा सोळा ऑगस्टचा शुक्रवार, दोन वर्षांमागचा. त्या दिव्यांत एक मिनेओचा होता.

मिनेओ म्हणजे तोकुजीचा धाकटा भाऊ. माकुळांची होडी होती त्याची. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी समुद्र फुगला होता, आणि तोकुजीकडच्या पाहुण्यांना ताजी माकुळं हवी होती. तोकुजीनं फोन केला. मिनेओ म्हणाला, "दादा, लक्षण बरं दिसत नाही." हा म्हणाला, "दोन टोपल्या आण आणि ये परत. तुला कुणी अमेरिकेला जायला सांगत नाहीये." होडी सापडली. मिनेओ सापडला नाही. पोरगा आपल्याच हट्टानं गेला असं त्यांची म्हातारी आई, फुसाबाई, धरून बसली होती. त्या फोनचं तोकुजीनं तिला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, पण फार उशिरा, ह्याच बाकावर बसून. पुढचंही सगळं तेव्हाच सांगितलं.

त्या रात्री बस गेली. पण जाता जाता बसवाल्यानं विचारलं, उद्याही असेच दिवे दिसतील का, आणखी पाहुणे आणतो. बॅटरी तर टिकणारच होती. तोकुजी म्हणाला, बघू. आणि तंगूस तसाच राहिला.

घरी फुसाबाई जागी होती. "कापलास?"

"कापला, आई."

"गेला माझा मिनेओ?"

"गेला."

म्हातारीनं हात जोडले आणि आडवी झाली.

रात्री दीडच्या सुमाराला तिनं हाक मारली. "तोकु, वांग्याची गाय इथंच राहिली की रे. दिव्याबरोबर सोडायची होती. आता तो जाणार कशावर? पायी?"

"सकाळी सोडतो."

"सकाळी काय, वरातीमागून घोडं? ऊठ."

तोकुजी उठला. गाय हातात घेतली, कंबरेला सुरी अडकवली. मनात म्हणाला, आता जातोच आहे तर तंगूसही कापून टाकू. खोटं बोललेलं खरं होऊन जाईल. चंद्र नुकताच बुडाला होता. रस्ता पायाखालचा, भीती कसली? शीळ घालत उतरला तो.

धक्क्यावर आला आणि शीळ थांबली.

वारा नव्हता. पाणी तेलासारखं स्वस्थ. तरी सगळे दिवे एका अंगाला ओढ घेत होते, समुद्राकडे. तंगूस धनुष्यासारखा वाकला होता आणि बारीक आवाज करत होता. डास कानाशी करतो तसा.

त्यानं सुरी काढली. पातं तंगुसाला लावलं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बसवाल्याचा निरोप, 'उद्या दोन बस नक्की. दिवे असतील ना?'

तोकुजीनं पातं तंगुसावरून उचललं.

मग सुरी म्यान केली आणि अंगठ्यानं उत्तर लिहिलं, 'असतील.'

गाय पाण्यात सोडली. "जा रे मिनेओ," असं काहीतरी पुटपुटला. ज्याला बांधून ठेवलाय त्यालाच जा म्हणतोय, हे बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं. पण शब्द तोंडातून गेला होता. खुंट्याजवळचा एक दिवा विझला. बॅटरी गेली असेल... त्यानं मनाला सांगितलं आणि पाठ फिरवली.

चढ लागला.

मागे आवाज. सर्र... सर्र... रस्त्यावरून काहीतरी ओढत आणल्यासारखा. हलकं. बारीक.

तो थांबला. आवाज थांबला.

चालला. सर्र...

वळून बघावं असं वाटलं. बघितलं नाही. मला म्हणाला, "कानामेभाऊ, भुताची भीती नव्हती. तो दिसला असता तर त्याला सांगणार काय होतो?"

घरात दिवा लागलेला. आई उठून बसली होती. पुढ्यात चहाचे दोन पेले.

"आई... दोन कशाला?"

"दोघं आलात ना? पावलं ऐकली की मी." ती त्याच्या खांद्यामागे बघत होती. हसत होती. "केवढा भिजलाय रे हा, तोकु. आणि तू म्हणालास, गेला."

तोकुजी तसाच उलटा पळाला. अनवाणी. धक्क्यावर गुडघे टेकले आणि सुरी चालवली. एका घावात तंगूस तुटला, खडकाकडची गाठही ओढीनं सुटली. दिवे सुटले. शाळा सुटल्यावर पोरं धावतात ना, तसे धावले समुद्राकडे. तो डोकं जमिनीला लावून रडत होता, माफी मागत होता. शेवटचा ठिपका दिसेनासा झाला तेव्हा त्यानं हातात राहिलेलं टोक ओढलं.

टोकाजवळ एक फास होता. आईनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलेला दिवा त्यानंच ह्या फासाला अडकवला होता, खुंट्याजवळ, म्हातारीला धक्क्यावरून दिसावा म्हणून.

फास आवळलेला होता. तुटलेला नव्हता. आत दिवा नव्हता.

उजाडताना तो घरी आला. दाराच्या पायरीवर वांग्याची गाय उभी होती. ओली. पायांना शेवाळ. जाणारी गाय तोंड बाहेर करून ठेवतात. हिचं तोंड घराकडे होतं. आणि तिच्या गळ्यात तंगूस.

तंगुसाचं दुसरं टोक दाराच्या फटीतून आत गेलं होतं.

तो मागोमाग गेला. ओसरीवरून, जिन्यावरून, माडीवर. मिनेओची जुनी खोली. ती तो पाहुण्यांना द्यायचा, समुद्र दिसतो म्हणून भाडं जास्त. त्या रात्री रिकामी होती. तंगूस दाराखालून आत गेलेला. दारापाशी आई बसलेली, तिच्या पुढ्यात चहाचा एक पेला. रिकामा.

तोकुजीनं सुरीला हात घातला.

"राहू दे ती," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "फोन तू केला होतास, हे मला आज त्याच्याकडून कळलं."

त्यानं सुरीवरचा हात काढला.

"पाहुण्यांसाठी त्याला पाठवलंस. पाहुण्यांसाठीच अडवलंस. आता घरात आलाय, तर कापू नकोस."

...

सकाळी तोकुजी मला बोलवायला आला. हातानंच चल म्हणाला. दोन्ही बस त्यानं नको म्हणून कळवलं होतं. मी माडीवर गेलो. तंगूस माझ्या दुकानचा, लगेच ओळखला. दाराच्या फटीतून निघून जिन्यावरून खाली गेलेला, सगळीकडे सैल पडलेला. फक्त दारापाशी वीतभर ताणलेला. तारेसारखा. दार आतून लावलेलं, आणि फुसाबाई बाहेरच बसलेली.

मी व्यापारी माणूस, माल हातात घेऊन बघितल्याशिवाय राहवत नाही. वाकलो आणि त्याला एक बोट लावलं.

आतून ओढ आली. गळाला मासा लागतो तशी. एकदाच.