दौंडची दोन नंबरची खिडकी

"मॅडम, लाइटचा बोर्ड कुठं हाय?"

"आधी रांगेत या. सगळे तुमच्या आधीचे आहेत."

नवनाथ मुकाट्यानं मागं जाऊन उभा राहिला. तो शिरूरचा. तिकिटाची मशीन बसवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. दौंड स्टेशनवर आज पहिलंच काम. नंबर आला, खिडकीतली सारिका मान वर करून हसली... आणि आपण काय विचारायला आलो होतो, तेच तो विसरला.

"बोर्ड," तिनंच आठवण करून दिली. "तुमच्या मागच्या खांबावर."

दुपारी टपरीवर त्याला कळलं. लोक मोबाइलवरच तिकिटं काढतात, उरलेल्यांना आता मशीन. म्हणून खिडक्या चालवणाऱ्या कंत्राटदारानं माणसं कमी केली होती. महिनाअखेर सारिकाचीही नोकरी जाणार होती. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला.

मशीन सुरू झालं, तशी साळूबाई नावाची एक आजी त्यापुढं भांबावून उभी राहिली. सारिका खिडकी सोडून बाहेर आली. आजीचं बोट हळूच धरून तिनं पडद्यावर टेकवलं. तिकीट सरकन बाहेर आलं आणि आजी खुदकन हसली.

"तुमची नोकरी घालवणारं मशीन... आन् शिकवताय तुम्हीच?" नवनाथनं विचारलं.

"वाईट वाटतंच की. घरी जाऊन रडतेही. पण म्हणून आजींची गाडी चुकवू?"

असं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. मग मशीन तपासायच्या निमित्तानं तो वरचेवर शिरूरहून येऊ लागला. ती चहा मागवायची, तो तिच्यासाठी पेरू आणायचा.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिनं खिडकी लावून घेतली आणि पर्स घेऊन बाहेर आली.

"मशीनला काय झालंय आज?"

"काहीच न्हाई. कधीच काही झालं नव्हतं." तो अडखळला. "मी... तुमच्यासाठी येत होतो. नोकरी मिळू दे, न मिळू दे — मला तुमच्याशी लग्न करायचंय."

सारिकानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं... सोडलं.

"नोकरी मिळालीय. रांजणगावला, एका कारखान्याच्या ऑफिसात. सोमवारपासून."

"रांजणगाव? म्हंजी... शिरूरच्या शेजारी?"

"व्हय. बारामतीलाही मिळत होती." ती लाजून दुसरीकडं बघू लागली. "मी न्हाई म्हणाले."