दाजींच्या जीपवरचा दिवा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. नंतर हसू यायचं नाही.

माझा एक दोस्त. कायम रात्रपाळी, म्हणून आम्ही त्याला घुबड म्हणायचो. काम विमानतळावर. जमिनीवरचं प्रत्येक विमान, प्रत्येक गाडी पडद्यावर नंबरासकट ठिपका होऊन दिसते. कोण कुठे अडकलंय, यावर त्याची नजर.

गेल्या जानेवारीतली अमावास्येची रात्र. त्याची धाकटी बहीण सासरच्या गावाहून विमानाने त्याच्याकडे यायची होती. सातवा महिना, आणि नवरा नुकताच तापाने गेलेला. तोही याच विमानतळावर कामाला. धुक्यात विमानांपुढे पिवळी जीप चालवून वाट दाखवायचा. घुबडाचे दाजी, म्हणून सगळा विमानतळ त्याला दाजीच म्हणायचा.

बहिणीचं विमान उतरलं आणि धुक्याने गिळलं. वैमानिकाला पुढचं दिसेना, वाटेतच थांबला. त्यात दुष्काळात तेरावा महिना, आणायला गेलेली दुसरी जीप धुक्यात रस्ता सोडून कडेच्या चिखलात रुतली. दाजींची जीप शेडमध्ये होती, पण बॅटरी काढून ठेवलेली.

तास गेला. दुसराही गेला. मग वैमानिकाचा आवाज आला, "एका बाईंना कळा सुरू झाल्यात. कुणाला तरी पाठवा!"

घुबडाचा जीव टांगणीला लागला. "पाठवतो," म्हणाला. पण पाठवणार कुणाला?

पडद्यावर ठिपका उमटला. शेडपाशी.

दाजींच्या जीपचा नंबर...

ठिपका निघाला. सावकाश. वळणावर थबकला, दाजी थबकायचे तसाच.

"दिवा दिसला," वैमानिक म्हणाला. "मागोमाग येतोय."

"दाजी?" घुबडाने माइकवर हळूच हाक मारली.

नुसती खरखर...

विमान जागेवर लागलं. रुग्णवाहिका उभीच होती. तिच्यातच मुलगी झाली. एवढीशी, पण रडली. ती गाडी दवाखान्याकडे निघेपर्यंत ठिपका तिथेच होता. मग विझला.

घुबड शेडकडे धावला. कुलूप तसंच. उघडून पाहिलं, आत जीप, चाकांवर धूळ. बॅटरी कोपऱ्यात. टपावरच्या दिव्याला त्याने हात लावला...

गरम.

"लेकीचं तोंड तरी बघून जायचं होतं, दाजी," म्हणाला, आणि तिथेच बसून ढसाढसा रडला.

वसंतात बहीण लेकीला घेऊन शेडमध्ये आली. मी सोबत होतो. तिने लेकीचा इवलासा तळवा त्या दिव्यावर टेकवला. त्या निघाल्यावर मीही हात लावून पाहिला...

कोमट होता. बॅटरी अजून कोपऱ्यातच होती.